बाई पुढारी आणि आपली फूटपट्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचायतीत निवडून आलेल्या बायकांच्या बैठका मी सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत घेते. बैठक उठली की चहाच्या वेळी, नाहीतर रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर, तेच तेच प्रश्न येत राहतात. काही सदस्यांचे, काही त्यांच्या नवऱ्यांचे, बरेचसे मुंबईत बसून गावावर लक्ष ठेवणाऱ्या मंडळींचे. ते विचारणाऱ्याच्याच भाषेत इथे ठेवलेत. 'बाई' हा शब्द मुद्दाम वापरलाय. आमच्याकडे तो शाळेतल्या बाईंनाही लागतो आणि लावणीला वाकलेल्या बाईलाही.

१. बाई सरपंचावर टीका केली की लगेच 'तुम्ही बायकांच्या विरुद्ध' असं म्हणतात. मग बोलायचंच नाही का?

बोला की. फक्त तेच वाक्य आधीच्या पुरुष सरपंचाचं नाव घालून एकदा म्हणून बघा. "वहाळावरच्या साकवाचं काम दोन पावसाळे रखडलं" हे कोणाच्याही नावाने म्हणता येतं. ती टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी. "घरात दोन लहान पोरं, हिला कुठला वेळ" हे पुरुषाच्या नावाने म्हटलंत तर ऐकणारा हसेल. पोरं त्याच्याही घरात होतीच. ती कोण सांभाळतंय हे गावाला ठाऊक होतं, म्हणून कोणी विचारलं नाही. नाव बदललं की जे वाक्य विनोदी वाटायला लागतं, ते बाईबद्दलच्या ठरीव समजुतीच्या साच्यातून आलेलं असतं. खरोखर गैरव्यवहार असेल तर काय, यासाठी प्रश्न १५ पाहा.

२. कोकणात तर घर बायकाच चालवतात. हा प्रश्न देशावरचा, आपल्याकडे कुठे आहे?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि विचारणारा बहुतेकदा अभिमानाने विचारतो. अभिमानाला जागा आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक बायका होत्या. कारण उघड आहे. पुरुष मुंबईला, आधी गिरणीत, मग जमेल त्या नोकरीत. मागे उरलेल्या बाईने भात लावलं, गुरं राखली, सोसायटीचं कर्ज फेडलं, हिस्सेदाराशी बांधावरून भांडण केलं, आणि गणपतीला उतरणाऱ्या वीस माणसांची सोयही केली. मनीऑर्डर यायची, पण घर काही मनीऑर्डर चालवत नव्हती.

तरीही एक गोम आहे. या बाईला आपला निर्णय आपल्या नावाने सांगायची सोय नव्हती. झाड विकायचं की नाही हे तिने खळ्यात उभ्या उभ्या ठरवलेलं असायचं, पण व्यापाऱ्याला सांगताना म्हणायची, "मुंबईक विचारून सांगतंय." दोन दिवस थांबायची आणि स्वतःचंच उत्तर 'त्यांनी सांगितलं' म्हणून द्यायची. त्याने घराचा मान राहायचा आणि भावही दोन पैसे वाढवून मिळायचा. माझी आजी यात तरबेज होती.

आता हीच बाई सरपंच झाली आणि सवयीने म्हणाली, "विचारून सांगते", की गाव म्हणतं, हिला स्वतःचं मतच नाही. काम करणारी बाई आपल्या ओळखीची आहे. सही करणारी, नाही म्हणणारी, अध्यक्षस्थानी बसणारी बाई ओळखीची नाही. खालच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ इथेच सापडतं.

३. आरक्षणामुळे आलेली बाई ही कर्तृत्वाने आलेली नसते. खरं ना?

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली आणि पंचायतींत बायकांसाठी किमान एक तृतीयांश जागा आल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हा वाटा निम्म्यावर नेला. आरक्षण ठरवतं ते एवढंच, की या खेपेला इथे पुरुष उभा राहू शकत नाही. निवडून यायला तिला दुसऱ्या बायकांना हरवावंच लागतं. उलट गावकीत बसून 'बिनविरोध' झालेल्या पुरुषाचं कर्तृत्व कोणी मोजायला गेल्याचं मला आठवत नाही.

आरक्षण उठलं की बाया दिसेनाशा होतात, असंही म्हटलं जातं. मुंबई महापालिकेत याचा अभ्यास झालाय. १९९७ ला जे वॉर्ड बायकांसाठी राखीव होते, ते २००२ ला खुले झाल्यावर तिथे बाई निवडून येण्याची शक्यता, कधीच राखीव नसलेल्या वॉर्डांच्या मानाने सुमारे पाचपट आढळली. एकदा संधी मिळालेल्या बाईला पक्ष तिकीट देतात आणि लोक मत देतात. अडतं ते पहिल्या खेपेला.

४. पण प्रत्यक्षात सगळं सरपंचपतीच बघतो. मग बाई नावालाच ना?

काही गावांत हो. नाही म्हणायचं कारण नाही. मी अशी पंचायत पाहिली आहे, जिथे सरपंच बाईंना आपल्याच सहीच्या ठरावाचा विषय माहीत नव्हता.

पण प्रत्येक ठिकाणी हेच असतं असं धरून चालणं हा साचा. पहिल्यांदा निवडून आलेला पंचविशीतला पोरगाही आपल्या काकांना, पक्षाच्या भाऊंना विचारूनच पाऊल टाकतो. त्याला आपण 'अनुभवी लोकांचं मार्गदर्शन' म्हणतो. बाईने नवऱ्याला विचारलं की ती 'रबर स्टॅम्प'.

दुसरं, सरपंचपती एकट्या घरात तयार होत नाही, त्याला बाहेरूनही घडवलं जातं. ग्रामसेवक काम असलं की फोन नवऱ्याला करतो. ठेकेदार अंगणात येऊन "साहेब आहेत काय?" विचारतो. तालुक्याच्या कार्यालयात बाई समोर उभी असताना अधिकारी मागे उभ्या असलेल्या नवऱ्याशी बोलतो. एका नव्या सरपंच बाईंनी मला सांगितलं होतं की निवडणुकीनंतर पहिले तीन महिने त्यांना एकही सरकारी फोन आला नाही. चौकशी केली तर दफ्तरात नंबर नवऱ्याचा! अर्ज भरताना त्यानेच घातलेला. नंबर बदलून घेतला, आणि पुढच्याच आठवड्यात गटविकास अधिकाऱ्यांचा फोन थेट त्यांना, लावणी चालू असताना, चिखलात.

हा प्रकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाने २०२३ मध्ये समिती नेमली. तिच्या अहवालात बाईच्या आडून कारभार हाकणाऱ्यांना जरब बसेल अशा दंडाची शिफारस आहे. दंड होईल तेव्हा होईल, फोन नंबर आज बदलता येतो.

५. नवरा मासिक सभेत येऊन बसतो. चालतं का?

मासिक सभा ही सदस्यांची. तो सदस्य नसेल तर तिथे बोलायचा किंवा ठराव सुचवायचा त्याला अधिकार नाही, मग तो कितीही जाणकार असो. ग्रामसभेचं वेगळं. गावचा मतदार म्हणून तो तिथे येऊ शकतो, प्रश्नही विचारू शकतो, पण श्रोत्यांत बसून. अध्यक्षांच्या शेजारची खुर्ची त्याची नव्हे. हा फरक बऱ्याच जणांना ठाऊक नसतो आणि भांडण नको म्हणून कोणी सांगतही नाही. पंचायतीच्या खात्यावर सरपंच आणि ग्रामसेवक यांची सही चालते. सरपंचाच्या नवऱ्याची कुठेच नाही.

६. आमच्या सरपंच बाई बोलायला लागल्या की किरकिर वाटते. मुद्दा बरोबर असतो, पण ऐकवत नाही. यात माझा काय दोष?

प्रामाणिक प्रश्न आहे, म्हणून नीट उत्तर देते. पश्चिम बंगालमधल्या गावांत अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पुढाऱ्याचं एकच भाषण, शब्द न् शब्द तेच, काही लोकांना पुरुषाच्या आवाजात ऐकवलं आणि काहींना बाईच्या. ज्या गावांत कधी बाई प्रधान (म्हणजे तिथली सरपंच) झाली नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या भाषणाला कमी गुण दिले. जिथे आरक्षणामुळे बाई प्रधान होऊन गेली होती, तिथे हा फरक बराच कमी झालेला दिसला.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली आणि ती मला जास्त बोचते. पहिल्यांदा आलेल्या बाई प्रधानांचं काम पुरुषांच्या तोडीचं असूनही गावकरी त्यांना कमी गुण देत होते. पुढच्या खेपेला आलेल्या बायकांच्या वाट्याला हे आलं नाही. पहिली मार खाते, दुसरीला वाट मोकळी मिळते. तुमच्या गावातली पहिली असेल तर कान सरावेपर्यंत थोडं थांबा. पुरुष सरपंच माईकवर ओरडायचे ते आपण 'तडफदार' म्हणून ऐकत होतोच की.

७. बायका फक्त पाण्याचंच बघतात. रस्ते, निधी, मोठी कामं त्यांना जमत नाहीत, असं दिसतं.

'फक्त पाणी' हे शब्द तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडूनही एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यात निघावेत, हे नवल आहे. कातळावरून पाणी पंधरवड्यात समुद्राला जातं. ते अडवायचं, साठवायचं, वाडीवाडीत पोचवायचं म्हणजे जागेची संमतीपत्रं आली, पंपाचं वीजबिल आलं, पाणीपट्टीची वसुली आली. नळपाणी योजना पाच वर्षं धड चालवून दाखवणं हे डांबर ओतण्यापेक्षा अवघड आहे. डांबराचं निदान उद्घाटन तरी होतं.

मृणाल गोरेंना लोक 'पाणीवाली बाई' म्हणत. १९६१ ला त्या मुंबई महापालिकेत गेल्या, १९७२ ला विधानसभेत, आणि आणीबाणीनंतर १९७७ ला लोकसभेत. त्या निवडणुकीनंतर 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा मुंबईत घरोघर पोचली. नाव प्रेमाचं होतं, कमावलेलंही होतं. पण महागाई, घरं, आणीबाणीविरुद्धचा लढा हे सगळं त्या एका नावाखाली झाकलं गेलं. पाण्यासाठी भांडणाऱ्या किती पुरुष आमदारांना आपण 'पाणीवाला बाप्या' म्हटलं?

'बायकांना रस्ते नकोत' हेही तपासलं गेलंय. बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींच्या २००४ मधल्या अभ्यासात बाई प्रमुख असलेल्या पंचायतींनी दोन्हीकडे पाण्यावर जास्त खर्च केला. रस्त्यांवर मात्र बंगालात जास्त, राजस्थानात कमी. कारण बंगालातल्या गावच्या बायकांची रस्त्यांबद्दल तक्रार होती, राजस्थानातल्या बायकांची तशी नव्हती. थोडक्यात, तिथल्या बायकांना जे हवं होतं त्यावर पैसा गेला.

८. 'ताई', 'वहिनी', 'अक्का' म्हणणं चूक आहे का? आम्ही आदरानेच म्हणतो.

चूक नाही. आपल्याकडे पुरुषही दादा, भाई, भाऊ, आप्पा होतातच. पलीकडे गोव्यात शशिकला काकोडकर १९७३ ते १९७९ मुख्यमंत्री होत्या आणि सगळा गोवा त्यांना ताईच म्हणायचा. त्याने पदाला काही उणेपणा आला नाही.

फक्त दोन ठिकाणी कान टवकारा. एक, 'वहिनी'. या हाकेत ती कोणाची तरी बायको असते आणि तो कोणीतरी बहुधा तुमचा कार्यकर्ता मित्र असतो. दुसरं, एकाच मंचावर पुरुष 'साहेब' आणि ती 'ताई' असेल तर. साहेबाचा हुकूम निघतो, ताईला ओवाळणी मिळते. पत्रिकेत पुरुषाच्या नावाआधी 'मा. सरपंच' छापता, तर तिच्या नावाआधी 'सौ.' छापून पद खालच्या ओळीत का ढकलता?

९. "ती अगदी पुरुषासारखी कारभार करते" हे तर कौतुक झालं ना?

म्हणणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. पण त्याचा अर्थ असा होतो की चांगला कारभार ही पुरुषाची मालमत्ता आणि हिने ती उसनी आणली. झाशीची राणी ही लांजा तालुक्यातल्या कोटच्या नेवाळकरांची सून, म्हणून आम्हा कोकण्यांना तिचा केवढा अभिमान! तिचंही वर्णन मर्दानीशिवाय पुरं होत नाही. इंदिरा गांधींना सुरुवातीला 'गुंगी गुडिया' म्हटलं गेलं. नंतर त्यांच्याच बाबतीत 'मंत्रिमंडळातला एकमेव पुरुष' हा विनोद फिरला. आधी बाहुली, मग पुरुष. मधली बाई कुठे गेली?

१०. कपड्यांवरून बोलणं थांबणार कधी?

लवकर नाही. सभेच्या फोटोखाली "साडी छान" असं कोणी लिहिलं तर आभार मानून ठरावाचा विषय खाली टाकायचा. मी तेवढंच सुचवते. यावर यापेक्षा जास्त शक्ती घालवू नये.

११. मोठ्या पदावरच्या बायका घराण्यातल्याच असतात. त्यांचं स्वतःचं काय?

घराणेशाहीवर टीका जरूर करा, पण ती मुलींपाशीच थांबवू नका. कोकणातल्या विधानसभा आणि लोकसभेच्या जागांवरची आडनावं एका कागदावर लिहा आणि मुलगे, पुतणे, भाऊ मोजा. कागद पुरणार नाही. श्रीवर्धनच्या अदिती तटकरे २०१७ ला रायगड जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष झाल्या, २०१९ ला आमदार आणि राज्यमंत्री, २०२३ ला कॅबिनेट मंत्री. वडील सुनील तटकरे, हे कोणी लपवलेलं नाही. काकोडकर तर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची मुलगी, वडील गेल्यावरच मुख्यमंत्री झाल्या. दार वडिलांमुळे उघडलं, हे दोघींच्याही बाबतीत म्हणता येईल. मुलगा असला की त्यालाच 'वारसा' म्हणतात आणि मुलगी असली की 'आयतं'. हा शब्दातला फरक तेवढा मला पटत नाही.

१२. सरपंच बाई मुंबई मंडळाच्या सभेला येत नाहीत, शिमग्याच्या बैठकीलाही नसतात. मग गावाचे निर्णय कसे घ्यायचे?

हा खास आपल्याकडचा पेच. गावाचे अर्धे निर्णय मुंबईकर गावकऱ्यांच्या मंडळात, लालबाग-परळच्या कुठल्यातरी खोलीत रविवारी होतात आणि उरलेले देवळाच्या सभामंडपात, मानकऱ्यांमध्ये, रात्री दहानंतर. दोन्हीकडे बाईला बोलावणं नसतं. बोलावलं तरी शेवटची एसटी निघून गेलेली असते. मग वर तिलाच विचारायचं, "तुम्ही का नव्हता?"

पालखीचा मान कोणाचा, होळी कोणी तोडायची, हे देवस्थानाचे विषय. तिथल्या बाईच्या जागेवर वेगळं भांडता येईल, मी भांडतेही. पाखाडी, विहीर, पथदिवे हे मात्र ग्रामसभेचे विषय आहेत. मंडळाने देणगी दिली तर त्यांचा मान ठेवा, ठराव ग्रामसभेचाच लागतो. ग्रामसभेला गणसंख्या एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी कमी असेल ती. तेवढे लोक गावात असतात, आणि त्यांत बायकाच जास्त असतात. शिवाय ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. बऱ्याच ठिकाणी ती फक्त वहीत होते. ती खरोखर, दुपारी तीनला, जेवणं आटोपल्यावर घेऊन बघा.

१३. आमच्या सदस्य बाईंबद्दल गावात नको ते बोललं जातं. काय करावं?

ग्रामसेवकाच्या मोटारसायकलवरून तालुक्याला गेली, काम संपायला उशीर झाला, एवढं पुरतं. पुरुष उशिरा आला तर "बिचारा कामं ओढतो." ती उशिरा आली तर "घोव खय आसा हिचो?", म्हणजे हिचा नवरा कुठे आहे. या बोलण्याला उत्तर देत बसू नका, खुलासा केला की अफवेला पाय फुटतात. लेखी किंवा सर्वांसमोर घाणेरडं बोललं गेलं असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा होतो. स्क्रीनशॉट ठेवा, तारीख लिहून ठेवा. आणि मैत्रिणींनो, अशा वेळी तिच्या अंगणात जाऊन चहा पिऊन या. दिवसाउजेडी, सगळ्यांना दिसेल असं.

१४. सरपंच विधवा आहेत. भूमिपूजनाचा नारळ उपसरपंचांच्या हातून फोडावा का? गावात कुजबुज आहे.

सरपंच फोडतील. विधुर सरपंचाने नारळ फोडलाच होता ना? २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं. कुजबुज करणाऱ्यांना वाद घालायचा नसतो, दाखला हवा असतो. हेरवाड हा दाखला द्या.

अडचण कधी कधी वेगळी असते. बाई स्वतःच मागे सरते, "माका नको, कोणाचा वायट झाला तर माझ्यार येतला." तिथे जबरदस्ती नको. एका गावात सरपंच बाई आणि शाळेतल्या मुली, सगळ्यांनी मिळून नारळ धरला. पुढच्या कामाला बाईंनी एकटीने फोडला.

१५. आणि बाई खरोखरच भ्रष्ट निघाली तर? तेव्हाही सांभाळून घ्यायचं?

अजिबात नाही. चौकशी लावा, माहितीच्या अधिकारात बिलं मागा. "बायका मुळात प्रामाणिक असतात" हाही साचाच आहे, दिसायला गोड. त्याचा तोटा पुढे कळतो. पुरुष सरपंच पकडला गेला तर तो एकटा बदनाम होतो. बाई पकडली गेली की लोक म्हणतात, "बघा, बायकांच्या हाती दिलं की असं होतं." पूजेतल्या मूर्तीकडून चूक होऊन चालत नाही, म्हणून बाईला मूर्ती करू नका.

चौकशीत एक गोष्ट मात्र बघा. सही तिची असेल आणि पैसा दुसऱ्याने काढला असेल, तर सहीची जबाबदारी तिचीच राहते. "मला माहीत नव्हतं" हे चालणार नाही. प्रश्न ४ मधल्या बायकांना मी हेच पुन्हा पुन्हा सांगते.

१६. बायकाच बायकांना मत देत नाहीत. मग पुरुषांना का दोष द्यायचा?

पुरुष तरी पुरुषाला पुरुष म्हणून कुठे मत देतात? मत वाडीला जातं, भावकीला जातं, पक्षाला जातं. बायकाही तशाच देतात. साचा दोघांच्याही डोक्यात असतो, सासूच्या डोक्यात जरा जास्तच.

१७. निवडून आल्यावर वर्षभरात तिच्यावर तक्रारी आणि अपात्रतेचा अर्ज. हे नेहमीचंच आहे का?

इतकं नेहमीचं, की सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बोलून दाखवलं. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंच बाई सासूबरोबर सरकारी जमिनीवरच्या घरात राहतात अशी तक्रार झाली आणि त्यांना अपात्र ठरवलं गेलं. आपण वेगळं राहतो, असं त्या सांगत होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांना पचलं नाही, असं न्यायालयाचं निरीक्षण आहे. लोकप्रतिनिधीला पदावरून काढणं ही किरकोळ बाब समजू नये, हेही बजावलं.

अविश्वास ठरावाचं गणित वेगळं. थेट जनतेतून निवडलेल्या सरपंचाविरुद्ध तीन चतुर्थांश सदस्यांचा ठराव लागतो आणि त्यावर ग्रामसभेत गुप्त मतदान होतं. चार सदस्यांनी चहाच्या टपरीवर ठरवलं आणि झालं, असं नसतं. घाबरून राजीनामा लिहून देऊ नका. अशा कागदावर सह्या बहुधा संध्याकाळी घेतात, बाई घरी एकटी असताना.

१८. अडाणी बाई कशी कारभार करणार?

१ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पास असणं लागतं, बाई असो की पुरुष. त्याआधी जन्मलेल्यांना ही अट नाही, पुरुषांनाही नाही. अंगठेबहाद्दर पुरुष सरपंच 'व्यवहारी' असतो, हे मी माझ्या लहानपणापासून ऐकतेय.

१९. सरपंचापर्यंत ठीक आहे, पण आमदार-खासदार म्हणून कोकणात बाई चालत नाही, हे मान्य कराल ना?

नाही. १९६२ आणि १९६७, सलग दोनदा, रत्नागिरीने शारदा मुखर्जींना लोकसभेवर पाठवलं. साठ वर्षांपूर्वी. पुढे त्या आंध्र आणि गुजरातच्या राज्यपाल झाल्या. ही गोष्ट बैठकीत सांगितली की रत्नागिरीकरच आधी चकित होतात.

मग नंतर काय झालं? २००९ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघातून सगळे खासदार पुरुष. २०२४ च्या विधानसभेला या दोन जिल्ह्यांतल्या आठही जागांवर पुरुष निवडून आले. १९६० पासून महाराष्ट्राला एकही बाई मुख्यमंत्री मिळालेली नाही. लोकांनी नाकारलं म्हणायचं तर आधी समोर ठेवायला हवं होतं. तिकीटवाटपाच्या खोलीत 'निवडून येण्याची क्षमता' हा शब्द वापरतात आणि त्यात पैसा, माणसं, रात्री-अपरात्री फिरणं असं सगळं मोजतात. म्हणजे प्रश्न १२ मधलीच खोली, जरा मोठी.

२०२३ च्या एकशे सहाव्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा ठेवल्या, पण जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट घालून. राजापूरचे खासदार मधु दंडवते यांच्या पत्नी आणि स्वतः १९८० ला मुंबईतून खासदार झालेल्या प्रमिला दंडवते या आरक्षणासाठी किती वर्षं झगडल्या ते आठवलं की 'अट' हा शब्द मला अंमळ जड जातो.

२०. मी पहिल्यांदा उभी राहतेय. प्रचारात हमखास विचारतात, "पोरांना कोण बघणार?" काय उत्तर देऊ?

चिडू नका. विचारणारी बहुधा शेजारची काकू असते आणि ती खरंच काळजीने विचारते. जे खरं असेल ते सांगा. सासूबाई बघतात, नवरा बघतो, मोठी मुलगी धाकट्याला शाळेत सोडते. एक उमेदवार म्हणाली होती, "काकू, तुम्ही असा मां बाजूक!" म्हणजे, तुम्ही आहात ना शेजारी. काकू हसल्या आणि पाच वर्षं खरोखर बघत राहिल्या.

पुरुषांनी विचारलं तर त्याच मंचावरच्या विरोधी उमेदवारालाही हाच प्रश्न विचारायला सांगा. उत्तराची वाट बघा, मध्ये बोलू नका.

आणि अर्ज भरताना मोबाइल नंबर स्वतःचा घाला. का, ते प्रश्न ४ मध्ये आहे.